मद्यजन्य यकृद्रोगाचा चढउतार व अबकारीचें दप्तर

रोगांना इतिहास असतो, ही गोष्ट या त्रैमासिकाच्या वाचकांस नवीन नाहीं. पटकी, देवी, प्लेग यांच्या सांथींचे उल्लेख जुन्या पत्रांत जागोजाग येतात, आणि त्यांच्या आधारें एखादी मोहीम अर्धवट कां सोडली किंवा एखादें गांव ओस कां पडलें, हें ठरविण्याची रीत आतां चांगली रुळली आहे. परंतु जो रोग सांथीनें येत नाहीं, ज्याला पिकण्यास पंधरा-वीस वर्षें लागतात, आणि जो आज या घरचा व उद्यां त्या घरचा असा एकेक कर्ता पुरुष उचलून नेतो, त्याची दखल बखरकार घेत नाहीं व बातमीपत्र लिहिणाराहि घेत नाहीं. मद्यपानानें यकृतास जडणारा जीर्ण विकार हा अशा रोगांपैकीं प्रमुख होय.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. या रोगाचा इतिहास वैद्यकाच्या पोथ्यांत शोधूं गेल्यास हातीं फार थोडें लागतें. तो अबकारीच्या दप्तरांत आहे. म्हणजे दारू कोणी गाळली, कोठें विकली, किती व काय भावानें विकली, या हिशेबांत आहे. हें असें कां, तें कळण्यास प्रथम रोगाची चाल कळली पाहिजे. ती जुने कागद वाचणाऱ्यांच्या उपयोगापुरती येथें सांगून, नंतर मराठवाड्याचा, विशेषतः छत्रपति संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्याचा, विचार करूं.

१. पोथ्यांचा आधार व त्याची मर्यादा

मद्याचे दुष्परिणाम आपल्या प्राचीन वैद्यांस उत्तम ठाऊक होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील चोविसावा अध्याय मदात्ययावर आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतील सत्तेचाळिसावा अध्याय पानात्ययाच्या प्रतिषेधावर आहे. उदररोगाचे आठ प्रकार दोन्ही संहितांत सांगितले आहेत, आणि प्लीहोदराच्या जोडीनें सुश्रुतानें उजव्या अंगाच्या यकृद्दाल्युदराचें नांव घेतलें आहे. जलोदरांतील पाणी काढण्याचा विधि सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत, चौदाव्या अध्यायांत, इतक्या बारकाईनें दिला आहे कीं आजच्या शस्त्रवैद्यासहि तो ओळखीचा वाटावा. बेंबीच्या खालीं डाव्या अंगास व्रीहिमुख शस्त्रानें छिद्र पाडावें, त्यांत धातूची किंवा पिसाची नळी घालावी, सर्व पाणी एकाच दिवशीं काढूं नये, व नंतर पोट घट्ट बांधावें, असा तो क्रम आहे.

तथापि एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मद्याचा विचार एका अध्यायांत व उदराचा दुसऱ्या अध्यायांत झाला आहे. मदात्ययांत मोह, तृषा, निद्रानाश, वमन इत्यादि लवकर दिसणाऱ्या लक्षणांवर भर आहे. उदरांत मंदाग्नि व दोषांचा संचय यांवर आहे. दोहोंच्या जवळ येणारा धागा सांपडतो तो पांडुरोगांत. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतील चव्वेचाळिसाव्या अध्यायांत पांडूच्या कारणांमध्यें मद्याचा उल्लेख आहे, आणि कामला म्हणजे कावीळ ही पांडूशींच जोडली आहे. याबद्दल ग्रंथकारांस उणें लेखण्याचें कारण नाहीं. कारण आणि कार्य यांमध्यें वीस वर्षांचें अंतर पडलें म्हणजे दोहोंचा संबंध एका रोग्याच्या खाटेजवळ बसून कळणें कठीण असतें. युरोपांतहि या विकारास सिऱ्होसिस हें नांव लेनेक या फ्रेंच वैद्यानें १८१९ मध्यें दिलें, आणि तेंहि यकृताच्या पिंगट रंगावरून, कारणावरून नव्हे.

यावरून संग्राहकांनीं एक सावधगिरी बाळगावी. वैद्यकाच्या मोडी बाडांत जलोदरावरचे दहा उतारे आढळले, म्हणून त्या काळीं त्या गांवांत जलोदर फार होता, असें अनुमान काढूं नये. उतारे हे बहुधा पूर्वीच्या बाडांवरून उतरलेले असतात. ते लेखकाचें पाठांतर सांगतात, गांवचें आरोग्य सांगत नाहींत. शिवाय जलोदर व कावीळ हीं रोगांचीं नांवें नसून चिन्हें आहेत. क्षय, हृदयाचे व मूत्रपिंडाचे विकार, संसर्गजन्य कावीळ यांनींहि तीं उद्भवतात. समासांत एखाद्या रोग्याचें नांव, तिथि व उतार पडल्याची नोंद असेल तर मात्र ती पुरावा होय, आणि ती जपली पाहिजे.

राजपुरुषांच्या मरणावरूनहि फार कांहीं ठरत नाहीं. अकबराचा पुत्र मुराद १५९९ मध्यें जालन्याच्या आसमंतांत, तिशीच्या आंतबाहेर असतां, अतिमद्यपानानें वारला. त्याचा धाकटा भाऊ दानियाल १६०५ मध्यें बऱ्हाणपुरास त्याच व्यसनानें गेला. त्याच्याकडे बंदुकीच्या नळींतून दारू चोरून नेल्याची हकीकत जहांगीरानें आपल्या आठवणींत नमूद केली आहे. जहांगीराचा पुत्र परवीझ हाहि बऱ्हाणपुरासच १६२६ मध्यें तसाच वारला. दख्खनच्या सुभ्यावर आलेले तीन शाहजादे एका पिढीच्या अंतरानें दारूनें गेले, ही नोंद खरी; परंतु मद्यानें मरणें व यकृताच्या जीर्ण रोगानें मरणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय शाहजाद्याचें मरण लिहिलें जातें. त्याच्या छावणींतल्या मशालजीचें लिहिलें जात नाहीं. लोकसमूहाचा इतिहास मशालजीचा असतो.

२. रोगाची चाल

दीर्घकाळ व पुष्कळ पिणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या, म्हणजे शंभरांत सुमारें नव्वदांच्या, यकृतांत चरबी सांचते. ही पहिली पायरी. ती दुखत नाहीं, आणि पिणें सोडल्यास कांहीं आठवड्यांत नाहींशी होते. पुढें कांहीं जणांच्या यकृतास दाह होतो. दाहानें मेलेल्या पेशींच्या जागीं तंतूंचें जाळें विणलें जातें. आणि अखेर सगळें यकृत गांठाळ व कठीण होतें. हाच सिऱ्होसिस. अतिशय पिणाऱ्यांपैकीं शेंकडा दहा ते वीस माणसें या अवस्थेस पोंचतात, असा सर्वसाधारण अंदाज आहे. कठीण यकृतांतून रक्त नीट वाहत नाहीं, म्हणून आंतड्यांकडून येणारें रक्त मागें तुंबतें. त्या दाबानें पोटांत पाणी सांचतें तें जलोदर. अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटतात ती रक्ताची उलटी. पित्ताचें रंगद्रव्य शरीरांत राहून डोळे पिवळे होतात ती कावीळ. आणि जीं विषें यकृतानें मारावयाचीं तीं मेंदूपर्यंत गेल्यानें येते ती गुंगी.

या चालींतील तीन गोष्टी इतिहासकाराच्या कामाच्या आहेत. पहिली ही कीं, पिण्याचा आरंभ व मरण यांमध्यें बहुधा पंधरा ते तीस वर्षें जातात, म्हणून विशींत पिऊं लागलेला मनुष्य चाळिशी-पन्नाशींत, घर ऐन भारांत असतांना, अंथरूण धरतो. दुसरी ही कीं, कठीण झालेलें यकृत पूर्ववत् होणें विरळा असलें तरी त्या अवस्थेंतहि पिणें सोडल्यास आयुष्य वाढतें. तिसरी ही कीं, मद्य एकटें काम करीत नाहीं. संसर्गजन्य काविळीच्या ब व क या जाति, मधुमेह, मेदवृद्धि यांची जोड मिळाली म्हणजे तेंच मद्य अधिक लवकर घात करतें. आणि स्त्रियांस तर पुरुषांपेक्षां कमी मद्यानेंहि हा विकार जडतो.

३. चढ मंद, उतार त्वरित

आतां एका मनुष्याकडून लोकसमूहाकडे वळूं. आपल्याकडील बारव डोळ्यांपुढें आणावी. तिच्या पायऱ्यांवर माणसें उभीं आहेत. कोणी वरच्या पायरीवर, कोणी मध्यें, कोणी अगदीं पाण्याशीं. वरची पायरी म्हणजे नुकतें पिऊं लागलेले तरुण, आणि पाण्याशीं उभे ते म्हणजे ज्यांचें यकृत आतां थोड्याच धक्क्यानें निकामी होईल असे. दारू महाग किंवा दुर्मिळ झाली कीं पाण्याशीं उभे असलेले पुष्कळ जण तेथेंच थांबतात, व मृत्यूंचा आंकडा वर्षा-दोन वर्षांत उतरूं लागतो. दारू स्वस्त व मुबलक झाली म्हणजे खालच्या पायरीवरचे लगेच बुडतात. परंतु वरच्या पायरीवर जी नवी गर्दी होते ती खालीं येण्यास पंधरा-वीस वर्षें घेते. म्हणून चढ दोन हप्त्यांनीं येतो, व त्यांतला मोठा हप्ता उशिरां येतो. तो येईपर्यंत कारण विसरलेलें असतें.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेंत पुरुषांचे सिऱ्होसिसनें होणारे मृत्यु १९११ मध्यें दर लाखीं २९.५ होते, ते १९२९ मध्यें १०.७ झाले. तेथील देशव्यापी दारूबंदी १९२० मध्यें सुरू झाली. परंतु अनेक संस्थानांनीं ती आधींच केली होती व महायुद्धानेंहि दारू आंवळली होती, म्हणून उताराचा आरंभ बंदीच्याहि पूर्वीं दिसतो. दुसऱ्या महायुद्धांत पॅरिस शहरांत मद्याचें रेशन झालें, तेव्हां कांहीं वर्षांतच या रोगाचे मृत्यु सुमारें चार-पंचमांशांनीं घटले, आणि रेशन उठल्यावर पुन्हां वाढले. रोग वीस वर्षांनीं पिकणारा, आणि त्याचे मृत्यु दोन वर्षांत घटतात, हें कोडें बारवेच्या पायऱ्यांनीं सुटतें.

चढाचें उदाहरण स्कॉटलंडचें. तेथें १९८७ ते १९९१ या काळाच्या तुलनेंत १९९७ ते २००१ या काळांत पुरुषांचे सिऱ्होसिसनें होणारे मृत्यु दुपटीहून किंचित् अधिक झाले, तर त्याच सुमारास फ्रान्समध्यें, जेथें पूर्वीं हा रोग फार मातला होता, मद्याचा खप उतरत गेल्यानें मृत्यूहि उतरत होते. पुढें स्कॉटलंडनें १ मे २०१८ पासून मद्याची किमान किंमत कायद्यानें ठरवून दिली. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या परीक्षणांत केवळ मद्यामुळें होणारे मृत्यु त्यायोगें शेंकडा १३.४ नीं कमी झाल्याचें आढळलें. तात्पर्य, एखाद्या लोकांच्या अंगीं हा रोग उपजत असतो असें नाहीं. तो भावाबरोबर व पुरवठ्याबरोबर येतो व जातो. भाव व पुरवठा यांचा कागद म्हणजेच अबकारीचा कागद.

४. मराठवाड्यांतील क्रम

आपल्याकडे मद्यावर राज्याची देखरेख जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, दुसऱ्या अधिकरणाच्या पंचविसाव्या अध्यायांत, सुराध्यक्षाचें काम व मद्याचे प्रकार दिले आहेत. पेशवाईंत बंदीच्या आज्ञा निघाल्या. इंग्रजी अमलांत १८७८ चा मुंबई अबकारी कायदा झाला, आणि १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरहि निर्बंध आला. पुण्यांत जोतीराव फुले यांनीं १८८० मध्यें नगरपालिकेचे सभासद असतां दारूच्या नव्या दुकानांस लेखी हरकत घेतली, ती या संदर्भांत मुद्दाम वाचण्यासारखी आहे. दुकानांची संख्या व नगरवासीयांचें आरोग्य यांचा संबंध त्यांनीं सरळ जोडला आहे.

मराठवाडा मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथें अबकारी हें उत्पन्नाचें मोठें कलम असे, आणि दारूविक्रीचा मक्ता गुत्तेदारांस दिला जाई. गुत्ता म्हणजे मक्ता. दारूच्या दुकानास आपण आज गुत्ता म्हणतों, त्यांत त्या व्यवहाराची खूण राहिली आहे. लोकांचीं पेयें मुख्यतः दोन. एक शिंदी, म्हणजे शिंदीच्या झाडाचा आंबलेला रस. यांत मद्यार्क थोडा, आणि तो दिवसाभरांत आंबून बिघडणारा. दुसरी मोहाच्या फुलांची गाळीव दारू. ती तीव्र, परंतु फुलें चैत्राच्या आगेंमागें गळतात व जंगलावर अवलंबून असतात. म्हणजे एक पेय सौम्य, आणि दुसरें ऋतूच्या व रानाच्या मर्यादेंतलें. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामांत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनीं शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रम घेतला, तो मुख्यतः निजामाचें अबकारी उत्पन्न बुडविण्यासाठीं. मद्य व राज्याचा खजिना यांचा संबंध गांवच्या साध्या शेतकऱ्यासहि किती स्पष्ट दिसत होता, हें त्यावरून कळतें.

शेजारच्या मुंबई इलाख्यांत निराळा प्रवाह वाहत होता. १९३९ च्या ऑगस्टांत, स्वतः डॉक्टर असलेले मंत्री गिल्डर यांच्या पुढाकारानें, मुंबई शहरांत दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला. १९४९ मध्यें मुंबई दारूबंदी कायदा झाला, व एप्रिल १९५० पासून संपूर्ण बंदी आली. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबई राज्यांत आला, आणि हा कायदा त्यास लागू झाला तो १९५९ च्या विस्तार-कायद्यानें. म्हणजे १९५० पासून १९५९ पर्यंत गोदावरीच्या एका तीरावर, नेवासें-शेवगांवकडे, मुंबईचा बंदीचा कायदा, आणि दुसऱ्या तीरावर, पैठण-गंगापुराकडे, हैदराबादचा अबकारी कायदा, अशी स्थिति होती. लोक तेच, भाषा तीच, पीकपाणी तेंच. कायदा मात्र दोन. अशी तुलना करण्याची संधि इतिहासांत क्वचितच मिळते. दोन्ही तीरांच्या तालुक्यांतील त्या नऊ वर्षांचे कागद जुळवितां आले, तर बारवेच्या पायऱ्यांचा नियम आपल्या भूमींत पारखून पाहतां येईल.

बंदीच्या काळांत हातभट्टी हा शब्द घरोघरीं पोंचला. पुढें बंदीचा कायदा कायम राहून त्यांत परवान्यांच्या वाटा पडत गेल्या, आणि १९७३ च्या महाराष्ट्र देशी दारू नियमांनीं सरकारमान्य देशी दारूचीं दुकानें आलीं. त्याबरोबर कच्चा मालहि बदलला. सहकारी साखर कारखान्यांची वाढ प्रवरानगरच्या कारखान्यापासून, म्हणजे १९५० च्या सुमारापासून, झाली होती. त्यांच्या मळीपासून मद्यार्क बारमाही व हवा तितका निघूं लागला. मोहाचा ऋतु संपला. शिंदीच्या सौम्य रसाची जागा शेंकडा चाळिसांच्या आसपास मद्यार्क असलेल्या बाटलीनें घेतली. या बाटलीस जंगल लागत नाहीं, झाडावर चढणारा लागत नाहीं, आणि ती बिघडत नाहीं.

आतां कालगणना पाहावी. १९५५ मध्यें जन्मलेला मुलगा १९७५ मध्यें विशींत आला, तेव्हां दुकान उघडलेलें होतें. तो पीत राहिला असेल तर त्याच्या यकृताचा हिशेब १९९५ ते २००५ च्या दरम्यान चुकता होणार. त्यानंतरच्या पिढीस तर दुकानाशिवाय गांव माहीतच नाहीं. दरम्यान औरंगाबादच्या चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत मद्य व बियर यांचे कारखाने उभे राहिले, इतके कीं २०१६ च्या दुष्काळांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास त्यांच्या पाण्यांत प्रथम निम्म्यानें व पुढें शेंकडा साठांनीं कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. तहानेलेल्या जिल्ह्यांत मद्याचें पाणी किती, हा प्रश्न त्या वर्षीं न्यायासनापुढें उभा राहिला. मद्यानें पोटांत सांचणारें पाणी किती, हा प्रश्न अजून कोणत्याच आसनापुढें आलेला नाहीं.

५. वाटा आणि संख्या

या रोगाविषयीं वाचतांना एक घोटाळा वारंवार होतो. रुग्णालयांतील सिऱ्होसिसच्या शंभर रोग्यांपैकीं मद्यानें झालेले किती, हा वाटा झाला. लाख लोकवस्तींत मद्यानें झालेले किती, ही संख्या झाली. दोहोंची गल्लत करूं नये. भारतांतील अकरा रुग्णालयांनीं मिळून २०१० ते २०१३ या काळांत केलेल्या पाहणींत १३,०१४ यकृद्रोगी नोंदले गेले. एकंदरींत ब जातीची कावीळ आघाडीवर होती, परंतु ज्यांचें यकृत कठीण झालें होतें त्यांत मद्य हें सर्वांत मोठें कारण, म्हणजे शेंकडा ३४.३, होतें. काविळीच्या ब जातीची लस देशभर बालकांस २०११ पासून देऊं लागले, व २०१८ मध्यें संसर्गजन्य काविळीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. या उपायांनीं दुसरीं कारणें आटत जातील तसा मद्याचा वाटा, पिणारा एकहि न वाढतां, वाढलेला दिसेल. उलट मेदवृद्धीचे रोगी वाढले तर मद्याचा वाटा घटलेला दिसेल, आणि प्रत्यक्षांत मद्याचे बळी वाढतहि असतील.

संख्येकडे जावें तर नोंदीचा प्रश्न येतो. २०२० मध्यें देशांत नोंदलेल्या मृत्यूंपैकीं वैद्यकीय कारणाचा दाखला असलेले शेंकडा २२.५ च होते. त्यांतहि घरची लाज राखण्यासाठीं मद्याचें नांव गाळलें जातें. पिणाऱ्यांची मोजणी मात्र झाली आहे. केंद्र सरकारच्या समाजकल्याण खात्यासाठीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेल्या व २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें १० ते ७५ वयाच्या लोकांत मद्य घेणारे शेंकडा १४.६, म्हणजे सुमारें १६ कोटि निघाले. त्यांपैकीं सुमारें ५.७ कोटि लोकांस मद्याच्या त्रासाबद्दल मदतीची गरज होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानें भारतांत दर माणशीं शुद्ध मद्यार्काचा खप २००५ मध्यें २.४ लिटर होता, तो २०१६ मध्यें ५.७ लिटर झाला. वर सांगितलेल्या नियमानें या वाढीचा मोठा हप्ता अजून यावयाचा आहे.

यकृताचा रोग समाजांतून खरोखर जाऊं शकतो, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे, आणि जुन्या भांड्यांच्या संग्राहकांस तें विशेष आवडेल. लहान मुलांचें यकृत कठीण होऊन तीं दगावण्याचा एक विकार आपल्याकडे पूर्वीं पुष्कळ होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकांत त्याचा छडा लावला. पितळेच्या भांड्यांत तापविलेल्या व ठेवलेल्या दुधांतून तांबें मुलांच्या पोटांत जात होतें. भांडीं बदललीं, आणि तो रोग जवळजवळ नाहींसा झाला. यावरून दोन बोध घ्यावे. बालकाच्या यकृताच्या जुन्या नोंदीवर मद्याचा आरोप करूं नये, हा एक. आणि कारण हातीं लागलें म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचा रोगहि एका पिढींत हटतो, हा दुसरा.

६. काय जपावें

आज महाराष्ट्रांत दारूबंदीचा वाद जिल्ह्याजिल्ह्यांनीं चालतो. वर्धा व गडचिरोली येथें बंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ मध्यें आली व २०२१ मध्यें उठली. दोन्ही पक्ष तावातावानें बोलतात. परंतु सहा वर्षांच्या बंदीनें पंचवीस वर्षांच्या रोगाचें काय झालें, हें सांगण्यास पूर्वींची पातळी ठाऊक असावी लागते. ती पातळी देण्याचें काम आपल्यासारख्या कागद जमविणाऱ्यांचें आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी. कलालीचे मक्ते, गुत्त्याच्या लिलावांच्या जाहिराती व कबुलायती, शिंदीच्या झाडांच्या गणतीचे कागद, मोहाच्या फुलांच्या आवकजावकीच्या वह्या, दुकानांचे परवाने व त्यांवरील भाव, हे कागद उर्दू, मोडी किंवा इंग्रजी कोणत्याहि लिपींत असोत, रद्दी समजूं नयेत. राजवंशाची सनद नसली म्हणजे कागद हलका, हा समज सोडावा. कागदावर तालुका, सन व माप हीं तिन्ही आहेत कीं नाहींत, तें प्रथम पाहावें. फसली सनाचें इसवी सनांत रूपांतर करून ठेवावें. आणि माप शेर, गॅलन वा पिंप जें असेल तें मूळ शब्दांत उतरून घ्यावें, आपल्या अंदाजानें बदलूं नये.

दुसरा वर्ग दवाखान्यांच्या नोंदींचा. औरंगाबादचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्यें स्थापन झालें. त्याचें रुग्णालय सगळा मराठवाडा घाटी या नांवानें ओळखतो. अशा संस्थांच्या, तसेंच तालुक्याच्या लहान दवाखान्यांच्या जुन्या वह्या जेथें टाकून दिल्या जात असतील तेथें त्या रीतसर परवानगीनें सोडवून घ्याव्या. मात्र प्रसिद्धीसाठीं वय, लिंग, गांव व निदान एवढेंच उतरावें. रोग्याचें नांव कोठेंहि येऊं देऊं नये. त्याचीं नातवंडें आज आपल्यांत वावरत आहेत.

तिसरें साधन आमच्या पूर्वीच्या पेशाचें आहे, आणि तें अद्याप कोणाच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. प्रत्येक शाळेंत जनरल रजिस्टर असतें. त्यांत मुलाचें नांव, बापाचें नांव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख व सोडण्याचें कारण हे रकाने असतात. चौथी-पांचवींतला मुलगा वर्षाच्या मध्येंच नांव काढून कामास लागतो, व कारणाच्या रकान्यांत वडील वारले इतकेंच लिहिलेलें असतें. अशी एक नोंद कांहीं सिद्ध करीत नाहीं. परंतु एका तालुक्याच्या चाळीस वर्षांच्या नोंदी मांडल्या, आणि तीस ते पन्नास वयांत वारलेल्या बापांची रेघ देशी दारूच्या दुकानांच्या रेघेशेजारीं ओढली, तर त्या दोन रेघा बोलूं लागतील. असलीं रजिस्टरें अनेक जुन्या शाळांत आहेत. पुष्कळ ठिकाणीं तीं वाळवीच्या वाटेवर आहेत.

प्राचीन वैद्यांनीं जलोदराचें पाणी काढण्याची नळी दिली, परंतु तें पाणी कोठून येतें, याची वीस वर्षांची वाट त्यांस एका रोग्यापाशीं बसून दिसणें शक्य नव्हतें. आपणांस ती दिसूं शकते, कारण वीस वर्षांचे कागद एकत्र मांडतां येतात, हाच इतिहाससंशोधकाचा विशेष अधिकार आहे. वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं गोदावरीच्या कोणत्याहि तीरावरचे १९५० ते १९५९ चे अबकारी कागद असतील, त्यांनीं त्यांची यादी या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करतों.